वहिनींचा झोपलेला खांदा

गेल्या वर्षी आषाढात सर आली म्हणून आमच्या वहिनी गच्चीवरचे कपडे गोळा करायला धावल्या आणि उतरताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरल्या. पडताना माणूस हात टेकतो. वहिनींनी उजवा टेकला. हाड मोडले नाही, म्हणून घरात सगळ्यांना हायसे वाटले. तेल झाले, शेक झाला, शेजारच्या काकूंनी दिलेला लेपही झाला. पण महिना उलटला तरी वहिनींना स्वतःचा अंबाडा घालता येईना, आणि रात्री त्या कुशीवर वळल्या की कळ थेट कोपरापर्यंत येई.

तपासणीत निघाले ते असे. खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात आणि त्यांच्या कंडरांची मिळून एक टोपी हाडाच्या गोळ्यावर बसलेली असते. डॉक्टर तिला रोटेटर कफ म्हणतात. तिच्यातली एक कंडरा हाडापासून सुटली होती. ती दुर्बिणीतून शिवायची ठरली. भोके लहान, टाके थोडे, दुसऱ्या दिवशी घरी. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र सरळ माणूस. ते म्हणाले, "काकू, बाहेरून काहीच दिसणार नाही, पण हे दुखणं मोठं असतं. त्याचा बंदोबस्त आमच्या भूलतज्ज्ञ बाई करतील."

बाहेरून चार भोके आणि आत एवढे दुखणे, हे कसे? मलाही तेव्हा कळले नव्हते. आत हाड खरवडून ताजे करतात, त्यात खिळ्यासारखे छोटे नांगर बसवतात आणि त्यांना बांधलेल्या दोऱ्यांनी कंडरा ओढून जागेवर आणतात. हाडाच्या आवरणाला आणि सांध्याच्या पिशवीला वेदना कळवणारे तंतू विपुल असतात. शिवाय खांद्याला विश्रांती अशी नसतेच. पाय उशीवर ठेवून देता येतो. खांदा श्वासाबरोबर आणि कुशीबरोबर हलत राहतो. अशा वेदनेवर पूर्वी मॉर्फिनच्या जातीची औषधे द्यावी लागत. ती दुखणे कमी करतात खरी, पण मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठ बरोबर घेऊन येतात.

आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई खोलीत आल्या. वय बेताचे, बोलणे भरभर. त्यांनी मधुमेह विचारला, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या विचारल्या, आणि मग एक प्रश्न असा विचारला की आम्ही चकित झालो. "काकू, तुमच्या घराला जिने किती?" वहिनी म्हणाल्या, "तीन. आणि लिफ्ट नाही." "चढताना धाप लागते?" "पिशवी असली तर." बाईंनी मान डोलावली. पुढे त्यांनी मानेत द्यायच्या इंजेक्शनाबद्दल दोन-तीन मिनिटे सांगितले आणि दादांपुढे कागद ठेवला. दादांनी सही केली. लग्नाच्या नोंदणीच्या वेळीही त्यांनी काही वाचले नव्हते. मी खिडकीशी उभा राहून पाऊस पाहत होतो. ती तीन मिनिटे नीट ऐकली असती तर पुढची अर्धी हकीकत लिहावी लागली नसती.

सकाळी साडेआठला वहिनींना आत नेले. आत काय झाले ते त्यांनीच नंतर सांगितले. झोपेचे थोडेसे औषध दिले, पण त्या जाग्या होत्या. बाईंनी मानेच्या उजव्या बाजूला गार जेली लावली, सोनोग्राफीचे यंत्र टेकवले आणि पडद्यावर पाहता पाहता विचारले, "काकू, चकलीच्या भाजणीत तांदळाला डाळ किती घालता?" वहिनींना पोरगी फार आवडली. त्यांनी तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धने, जिरे असे सगळे प्रमाण सांगितले. पोहे भाजायचे की नाही हे सांगत असताना खांदा जड झाला, मग दंड, मग हात आपला राहिलाच नाही. त्यानंतर त्यांना पूर्ण भूल दिली. खांद्याच्या कामात तोंडावरून कापड येते आणि खुर्चीसारखे बसते करून तासदोन तास काम चालते, म्हणून बहुधा दोन्ही देतात: झोपही आणि हाताचे बधिरीकरणही.

भाजणीचे रहस्य मला आठवड्याने कळले. टाके दाखवायला गेलो तेव्हा मी त्या बाईंना गाठून अर्धा तास बसलो, आणि त्यांनी एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून सगळे समजावले. बधिरीचे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर रोग्याच्या कानात गुणगुण सुरू होते, जिभेवर धातूची चव येते, बोलणे अडखळते. वेळीच हात आवरला नाही तर झटके येतात आणि हृदयही बिघडू शकते. म्हणून औषध थोडे थोडे द्यायचे आणि रोग्याला बोलते ठेवायचे. शिवाय जवळच दुधासारख्या पांढऱ्या द्रवाची बाटली तयार असते. ज्यांना तोंडाने खाता येत नाही त्यांना शिरेतून देण्यासाठी केलेले हे स्निग्ध मिश्रण. या विषावर ते उतारा ठरते असे १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले आणि २००६ मध्ये माणसांचे प्राण त्याने वाचल्याची पहिली वृत्ते आली. वहिनींना बिचाऱ्यांना वाटले, पोरीला चकल्या करायच्या आहेत!

आता वहिनी आत आहेत तोवर या विद्येची थोडी जुनी हकीकत सांगतो. ती रहस्यकथेपेक्षा कमी नाही.

१८८४ सालचे व्हिएन्ना. सिग्मंड फ्रॉइड तेव्हा मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेले नव्हते. ते कोकेनवर अभ्यास करीत होते. उन्हाळ्यात त्यांनी त्यावर निबंध छापला आणि वाग्दत्त वधूला भेटायला ते दूरगावी निघून गेले. त्यांचे मित्र कार्ल कोलर हे सव्वीस वर्षांचे डॉक्टर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बधिरीचे औषध शोधत होते. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांना ठाऊक होते. कोलर यांच्या मनात आले, मग डोळा का होणार नाही? आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकला, मग सशाच्या, मग स्वतःच्या. टाचणीचे डोके बुबुळाला लावून पाहिले. काही कळले नाही. १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण तो कोलर यांच्या तोंडून नव्हे. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून त्यांचा निबंध एका स्नेह्याने वाचला. फ्रॉइड परत आले तेव्हा कीर्ती दुसऱ्याच्या घरी गेली होती.

त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी पुढची उडी घेतली. कातडीवर औषध लावण्याऐवजी ते मज्जातंतूपाशीच सुईने सोडले, की त्या तंतूचा सगळा प्रदेश बधिर होतो. हॉल्स्टेड यांनी तर मानेत छेद घेऊन हाताकडे जाणारे तंतूंचे जाळे उघडे केले आणि तिथे कोकेन टोचले. आज वहिनींना मिळाली त्या इंजेक्शनाची ही पणजी म्हणायची. हे प्रयोग दोघांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले आणि कोकेनचे व्यसन लागले. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रूढ करणारे, अमेरिकेतले नामांकित सर्जन म्हणून हॉल्स्टेड पुढे गाजले. पण औषधांच्या व्यसनातून ते पूर्णपणे कधीच सुटले नाहीत. आपला खांदा न दुखण्याची किंमत कुणीतरी आधी भरून ठेवली आहे.

१९११ साली जर्मनीत कुलेनकांफ यांनी हासळीच्या हाडावरून सुई आत घालून, छेद न घेता, हात बधिर करून दाखवला. तोही आधी स्वतःचा. खाली फुप्फुस असते, सुई चुकली तर त्याला भोक पडते, हे ठाऊक असून. मग औषधे सुधारली. दाताच्या डॉक्टरकडे आपण ज्याला झायलोकेन म्हणतो ते लिडोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली सिद्ध झाले, आणि १९५७ साली स्वीडनमध्येच बुपिवाकेन. लिडोकेनचा असर तास-दोन तास, बुपिवाकेनचा कितीतरी अधिक. १९७० साली शिकागोचे डॉक्टर ॲलन विनी यांनी खांद्यासाठी सोयीची वाट दाखवली. मानेच्या बाजूला स्केलीन नावाचे दोन स्नायू शेजारी शेजारी उभे असतात आणि त्यांच्या फटीतून हाताचे तंतू बाहेर पडतात. औषध त्या फटीत सोडायचे.

पण फट शोधायची कशी? आधी अंदाजाने. रोग्याच्या हातात वीज चमकल्यासारखे झाले की सुई तंतूला भिडली असे समजायचे. पुढे सुईतून बारीकसा विजेचा प्रवाह सोडून स्नायू फडफडतो का ते पाहू लागले. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत औषध सोडण्याची पद्धत १९९० नंतरच्या दशकात घडली आणि त्यात १९९४ साली पुढे होते ते पुन्हा व्हिएन्नाचेच डॉक्टर. पडद्यावर ते तंतू कसे दिसतात? रस्त्यावरच्या सिग्नलसारखे. एकाखाली एक, तीन काळसर गोल.

औषध करते काय तेही पाहू. आग लागली की माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात. वेदनेचा निरोप मज्जातंतूतून असाच जातो. तंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. एक दार उघडले की सोडियमचे कण आत शिरतात, त्याने पुढचे दार उघडते, त्याने त्याच्या पुढचे. बधिरीचे औषध तंतूत शिरून या दारांना आतून बूच मारते. रांगेतल्या चार माणसांनी हात मागे बांधले की बादली तिथेच थांबते. खांदा पूर्वीइतकाच घायाळ असतो, निरोपही निघतो. मेंदूपर्यंत पोचत नाही इतकेच. आणि एक ना एक वेळ बुचे निघतात. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

साडेअकराला वहिनींना बाहेर आणले. दादा पुढे झाले आणि एकदम पांढरे पडले. वहिनींची उजवी पापणी लोंबलेली, त्या डोळ्याची बाहुली बारीक, आवाज घोगरा, उजवा हात लोळागोळा. "अगं, बोल ना नीट!" दादा म्हणाले. वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "बोलतेय की." दादांनी माझा दंड धरला. त्यांचे वडील, म्हणजे माझेही, अर्धांगवायूने गेले. त्या सकाळीही पापणी अशीच होती.

नर्सला विचारले तर ती म्हणाली, "डॉक्टर येतील." दहा मिनिटे कोणी आले नाही. ती दहा मिनिटे दादा बाकावर बसून काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही.

भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि हसल्या, आणि मग दादांचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या. "काका, मी काल सांगितलं होतं. हे इंजेक्शनामुळे आहे, उतरेल." मानेत औषध जिथे सोडतात तिथे गर्दी फार. पापणी उचलणारे आणि बाहुली मोठी करणारे तंतू जवळून जातात. स्वरयंत्राचा तंतूही दूर नाही. औषध थोडे पसरले की तेही झोपतात. सगळ्यांत महत्त्वाचा शेजारी म्हणजे श्वासपटलाचा तंतू. तो त्या पुढच्या स्केलीन स्नायूच्या अंगावरूनच खाली उतरतो. पूर्वी वीस-तीस मिलिलिटर औषध देत, तेव्हा त्या बाजूचे अर्धे श्वासपटल जवळजवळ प्रत्येकाचेच काही तास थांबत असे. सोनोग्राफीमुळे हल्ली पाच-दहा मिलिलिटरमध्येही काम भागते, तरी ते पुष्कळांचे अजून थांबते. निरोगी माणसाला पत्ता लागत नाही, फार तर उताणे झोपल्यावर श्वास अपुरा वाटतो. उशा लावून बसते केले की बरे वाटते. पण ज्याचे फुप्फुस आधीच दम्याने किंवा धूम्रपानाने अधू आहे, त्याला अर्धे पटल गमावणे परवडत नाही. तीन जिन्यांचा प्रश्न त्यासाठी होता! अशा रोग्यांना मानेऐवजी खांद्याच्या पाठीमागे आणि काखेच्या बाजूला, नेमक्या खांद्याच्याच तंतूंपाशी इंजेक्शने देतात. श्वास बहुधा शाबूत राहतो.

पापणी संध्याकाळपर्यंत वर आली. वहिनींचा दरबार भरला. माहेरची माणसे आली, शेजारीण आली. वहिनींनी डाव्या हाताने चहा घेतला आणि सांगितले, "काडीचं दुखत नाही. उगाच घाबरवतात." झोळीतला हात त्या कुतूहलाने पाहत होत्या. मधेच दचकल्या, अंगावर कुणाचा तरी हात पडला म्हणून. तो त्यांचाच होता. करंगळी तेवढी हलत होती. (तिचा तंतू जाळ्याच्या तळाला असतो, औषध तिथवर सहसा पोचत नाही.) शेजारीण गरम पाण्याची पिशवी खांद्याला लावायला निघाली होती, तिला नर्सने अडवले ते उत्तम झाले. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही.

नऊ वाजता नर्स दोन गोळ्या घेऊन आली. वहिनी म्हणाल्या, "दुखतच नाही तर गोळी कशाला? पित्त वाढतं माझं." नर्स म्हणाली, "बरं, दुखलं की घ्या," आणि गोळ्या टेबलावर ठेवून गेली. मला ते शहाणपणाचे वाटले. दादांना रक्तदाब आहे म्हणून त्यांना घरी पाठवले आणि रात्री मी थांबलो.

दीडच्या सुमारास बारीक आवाजाने मी जागा झालो. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, डाव्या हाताने उजवे कोपर उचलून धरलेले, ओठ दाताखाली. "बोटांना मुंग्या आल्या आणि मग एकदम..." पुढे बोलता येईना. मी गोळ्या दिल्या. गोळीला पोटातून रक्तात जायला वेळ लागतो आणि वेदना वाट पाहत नाही. वीस मिनिटांत त्या रडू लागल्या. या बाईंनी तीन बाळंतपणे, दोन स्थलांतरे आणि सासूबाईंचे दोन वर्षांचे आजारपण डोळ्यांत पाणी न आणता काढले आहे. "भाऊजी, टाके तुटले हो आत," म्हणाल्या. मी नर्सला बोलावून आणले. तिने विचारले, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" वहिनी म्हणाल्या, "आकडा काय सांगू बाई, ठणकतंय!" मराठीत वेदनेला ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, शूळ असे शब्द असताना आकडा मागायचा, हे मला तेव्हा फार जाचले. सलाईनमधून औषध सुरू झाले. मी दादांना फोन करायला उठलो, तर तशाही अवस्थेत त्यांनी हात धरला. "यांना उठवू नका. सकाळी सांगा. नाहीतर सांगूच नका." ठणका आवरायला साडेतीन वाजले.

टाके तुटले नव्हते. बुचे निघाली होती, दुसरे काही नाही. एका इंजेक्शनाचा असर बारा ते अठरा तास टिकतो. सकाळचे इंजेक्शन मध्यरात्री उतरते, नेमके सगळे झोपलेले असताना. त्यातून वेदना हळूहळू चढत नाही, दार उघडल्यासारखी येते; दिवसभर काहीच नसल्यामुळे ती अधिकच मोठी वाटते. डॉक्टरांना हे चांगले माहीत आहे, उसळून येणाऱ्या या दुखण्याला त्यांच्यात नावही आहे. उपाय साधा. गोळ्या दुखले म्हणून नव्हे, घड्याळाप्रमाणे घ्यायच्या. हात अजून बधिर असताना सुरू करायच्या, आणि झोपण्यापूर्वीची मात्रा चुकवायची नाही. वहिनींसाठी ठेवली होती एक पॅरासिटामॉल आणि एक सूज उतरवणारी. मूत्रपिंड, पोटातला व्रण, रक्तदाब यांची तक्रार असेल तर दुसरी गोळी चालेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. इंजेक्शनात डेक्सामेथासोन मिसळले तर असर काही तास लांबतो. काही मोठ्या इस्पितळांत तंतूपाशी केसासारखी बारीक नळी ठेवून पंपाने दोन-तीन दिवस औषध सोडतात. ती नळी सरकते, सांभाळावी लागते, खर्चही वाढतो.

"मग हे नर्सला का माहीत नव्हतं?" मी बाईंना विचारले. त्यांनी टाळले नाही. म्हणाल्या, "कागदावर लिहिलं होतं. सांगितलं मात्र कोणीच नाही. आता मी रोग्याला आदल्या दिवशी नाही सांगत, रात्री जो थांबणार त्याला सांगते." त्यांनी मला इंजेक्शनाचे धोकेही मोकळेपणाने सांगितले. काहींना हाताला दिवस-आठवडे मुंग्या किंवा बधिरपणा राहतो आणि बहुतेकांचा जातो. कायमची इजा फारच विरळा. दुसऱ्या दिवशीही हात हलत नसेल, किंवा श्वासाचा त्रास वाढत असेल, तर वाट न पाहता कळवायचे.

एवढे होऊन वहिनींना विचारा, पुन्हा तेच इंजेक्शन घ्याल? त्या म्हणतात, घेईन. भुलेतून जागी होतानाच ठणका असता तर मळमळत, गुंगीत तो दिवस गेला असता. त्याऐवजी त्यांनी चहा घेतला, माणसे ओळखली, जेवल्या. रात्र वाईट गेली ती गोळ्या टेबलावर राहिल्या म्हणून. दुसऱ्या रात्री घरी दादांच्या कापडी आरामखुर्चीत उशा लावून त्या झोपल्या, कारण आडवे झाले की खांदा ओढतो. दादा गजर लावून पहाटे गोळी द्यायला उठत होते. खुर्ची सहा आठवडे त्यांच्याकडे गेली, दादांनी तक्रार केली नाही, फक्त रोज विचारीत, "आज कसं वाटतंय?" म्हणजे खुर्ची कधी मिळेल.

दिवाळीला झोळी सुटली होती, पण जोर लावायचा नव्हता. त्यामुळे सोऱ्या दादांच्या हातात आला. वहिनी स्टुलावर बसून "दाबा, दाबा, गोल फिरवा," म्हणत होत्या आणि चकल्या कोणत्याही ज्ञात आकाराच्या होत नव्हत्या. तेवढ्यात फोन आला. भूलतज्ज्ञ बाईंचा होता. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी भाजणीचं प्रमाण सांगितलंत ना, ते पुन्हा सांगता का? तेव्हा माझं सगळं लक्ष पडद्याकडे होतं."